'दृश्यम'मधला तारखांचा डाव खऱ्या आयुष्यात टिकेल का?

रातकिडा: मूळ मल्याळम सिनेमा २०१३चा, हिंदी २०१५चा. शेवट माहीत नसेल तर इथूनच मागे फिरा.

घरच्यांच्या हातून एक मुलगा मारला गेल्यावर बाप प्रेत लपवतो आणि कुटुंबाला सहलीला नेतो. नंतर कंडक्टर, लॉजवाला, थिएटरवाला अशा सगळ्यांना पुन्हा गाठून गप्पांच्या ओघात गुन्ह्याच्या वेळच्या (हिंदीत २ आणि ३ ऑक्टोबर) तारखा त्यांच्या कानावर घालतो. चौकशीत ते छातीठोकपणे सांगतात, त्याच दिवशी आले होते! कुणीही जाणूनबुजून खोटं बोलत नाही. पडद्यावर झकास, पण प्रत्यक्षात आठवडाभरही टिकणार नाही. एकाच्याही मनात पाल चुकचुकू नये?

तिरकी चाल: का चुकचुकावी? आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाईल नव्हे. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना 'गाड्या आदळल्या' असं म्हणून वेग विचारला, काहींना 'धडकल्या' असं सौम्यपणे. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये तशी काच नव्हतीच. तरी पहिल्या गटातले ५० पैकी १६ हो म्हणाले, दुसऱ्यातले ७. फरक फक्त एका क्रियापदाचा!

रातकिडा: म्हणजे ५० पैकी ३४ जण फसले नाहीत. सिनेमात मात्र झाडून सगळे फसतात. तुमचाच आकडा माझ्या बाजूनं बोलतोय.

तिरकी चाल: तिथे एकदाच सुचवलं होतं, तेही न दिसलेल्या वस्तूबद्दल. इथे माणसं खरी, सहल खरी, जेवणखाण खरं. बदलायची फक्त तारीख. रोज शेकडो गिऱ्हाइकं पाहणाऱ्याला मागच्या महिन्यातला चेहरा आठवेल, तारीख नाही. ती रिकामी जागा कुणी आत्मविश्वासानं भरून दिली तर तो आभारच मानेल.

पडद्यामागे: दोघंही साक्षीदारांत अडकलात. हा डाव मोडतो कशानं? आठवणीनं नाही, मारानं. पोलीस धाकट्या मुलीला मारतात आणि ती प्रेत पुरल्याची जागा सांगते. मग खड्डा उकरला तर आत जनावराचं कलेवर. म्हणजे डाव फुटेल हे बापानं धरलेलंच होतं. आणि खरा खेळ आपल्याशी आहे. प्रेत लपवणाऱ्याची बाजू आपण घेतो, कारण मेलेला मुलगा ब्लॅकमेल करणारा होता हे आधीच पाहिलेलं असतं. त्याच्या आईची घालमेल दिसते, तरी आपलं लक्ष हे कुटुंब सुटतंय का, यावरच.

रातकिडा: प्रेक्षकाला फसवणं सोपं हो, कॅमेरा दिग्दर्शकाच्या हातात असतो. हिचकॉकनं १९५०च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये तर सरळ खोटा फ्लॅशबॅक दाखवला होता.

पडद्यामागे: आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. 'दृश्यम' तसं करत नाही. गुन्हा आपल्याला स्पष्ट दाखवतो, फक्त प्रेत शेवटी कुठे गेलं, तेवढं राखून ठेवतो. मला ही चाल सरस वाटते.

तिरकी चाल: मान्य. पण रातकिडा, मूळ मुद्दा सोडून हिचकॉककडे पळालात. मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी तुमच्याशी कोण कोण बोललं? फोन न बघता सांगा.

रातकिडा: फोन न बघता कशाला? पोलीस बघतीलच की! सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तो ट्रकमध्ये टाकण्याची युक्ती मेलेल्या मुलाच्या फोनला चालली. पण लॉजवाल्याच्या रजिस्टरला कुठल्या ट्रकमध्ये टाकणार?