जुनी ऑटोमॅटिक गाडी आणि पीडीएफचं तिसरं पान

शुक्रवार

सायली, ए-२०३: नमस्कार मंडळी. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबणं आता जमत नाही. पण गाडी तिला स्वतःलाच चालवायची आहे, ड्रायव्हर नको म्हणते. पाच-साडेपाच लाखांत जुनी ऑटोमॅटिक बघतेय. वापर सगळा शहरातच, फार तर महिन्यातून एकदा साताऱ्याला. कुणाला काही अनुभव?

अमित, सी-१०१: नवीनच घे की. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय.

सायली, ए-२०३: बघितलं दादा. तरी ऑटोमॅटिकचं ऑनरोड बजेटच्या बाहेर जातंय.

जोशी काकू, ए-४०२: माझ्या भाच्याने गेल्या वर्षी जुनी ऑटोमॅटिकच घेतली. फार छान आहे.

सायली, ए-२०३: कुठली काकू?

जोशी काकू, ए-४०२: विचारून सांगते. लाल आहे एवढं नक्की.

देशमुख काका, बी-५०४: सायली, वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. जाहिरातीत नुसतं "ऑटोमॅटिक" लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नकोस, आत कुठला गिअरबॉक्स आहे ते आधी विचार.

मारुतीची एजीएस, टियागोची एएमटी (एकाच प्रकाराची दोन नावं), या सगळ्या आतून मॅन्युअलच. क्लच प्लेट तीच, फक्त तुमच्या पायाऐवजी यांत्रिक हात, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर ती दाबतो. दुरुस्ती त्यातल्या त्यात स्वस्त, अ‍ॅव्हरेज चांगलं. पण क्लच झिजतो तो झिजतोच. त्यातून चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवणारा मालक असेल तर फारच लवकर. मारुतीच्या एजीएसला "पी" म्हणजे पार्किंगचा गिअर नसतो हेही आईंना आधी सांग, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक लावायची.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, सगळ्यात मऊ चालते. होंडाच्या सिटी, जॅझ, अमेझमध्ये आहे, जुन्या बलेनोतही होती. २०२२ च्या नव्या बलेनोपासून सीव्हीटी गेली आणि एजीएस आली. म्हणजे नाव तेच, "ऑटोमॅटिक" तेच, गाडी मात्र वेगळी. सीव्हीटीचं सगळं तेलावर असतं. ते वेळेवर बदललेलं नसेल तर वीस-चाळीसच्या वेगात थरथर येते, आणि पुढचं बिल बघून माणूसही थरथरतो.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक, हे जुनं खोड. अ‍ॅव्हरेज कमी, पण सहसा दगा देत नाही. राहिला ड्युअल क्लच. चालवायला झकास. पण पोलो जीटीच्या जुन्या १.२ टीएसआय इंजिनाच्या गाडीत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच) आहे. वॉरंटी संपलेली अशी गाडी या बजेटमध्ये आईंसाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. २०२० नंतरच्या १.० जीटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला, तिची गोष्ट वेगळी.

निखिल, बी-२०२: काका, हे पिन करा 🙏

सेक्रेटरी: उद्या सकाळी ११ ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

सायली, ए-२०३: काका, खूप आभार. एक गाडी जवळजवळ ठरवलीय. बलेनो सीव्हीटी, २०१८, एमएच-१२, फर्स्ट ओनर, रनिंग ४६,०००. डीलरने सर्व्हिस हिस्टरीची पीडीएफ पण पाठवली. उद्या टोकन मागतोय, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे.

अमित, सी-१०१: दुसरं गिऱ्हाईक नेहमीच असतं 😄

देशमुख काका, बी-५०४: हिस्टरीतल्या तारखा आणि किलोमीटर टाइप करून टाक इथे. नाव-नंबर नको.

सायली, ए-२०३: पहिली फ्री सर्व्हिस मे २०१८, १,०१२ किमी. मग ५,१३०. जून २०१९ ला ११,४०० पेड सर्व्हिस. ऑगस्ट २०२० ला १९,८५०. ऑक्टोबर २०२१ ला ३४,२००, ब्रेक पॅड बदलले. एवढंच.

देशमुख काका, बी-५०४: पानाच्या तळाला काय आहे बघ.

सायली, ए-२०३: "पान २/३".

देशमुख काका, बी-५०४: तिसरं कुठाय?

सायली, ए-२०३: 😶

देशमुख काका, बी-५०४: टोकन देऊ नकोस. डीलरने पाठवलेला कागद हा डीलरचा कागद. आरसीवरच्या मालकाशी फोनवर बोल. तो हो म्हणाला तर कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नंबरवरून जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदी, स्क्रीनवर दिसतात. बहुतेक ठिकाणी मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, म्हणून त्याची परवानगी लागेल. मालकाचा नंबरच द्यायला डीलर तयार नसेल तर तिथूनच परत फिर. आणि आकडे बघ. ऑगस्ट २०२० पर्यंत दोन-सव्वादोन वर्षांत वीस हजारही नाहीत, पुढच्या चौदा महिन्यांत चौदा हजार. वापर वाढत चाललाय. त्यानंतर इतक्या वर्षांत फक्त बारा हजार? एकतर गाडी उभी होती किंवा किलोमीटरचा काटा मागे गेलाय.

कुलकर्णी, बी-३०१: काटा मागे नेता येतो? डिजिटल असतो ना आता?

देशमुख काका, बी-५०४: डिजिटल आहे म्हणून तर सोपं झालंय. लॅपटॉप जोडला की झालं. म्हणून काट्यापेक्षा ब्रेक पेडलचं रबर बघा, स्टिअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत झालाय का बघा, ड्रायव्हर सीटची उजवी कड बसलीय का बघा. टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ४६,००० किमीवर २०१८ चेच टायर असू शकतात. चारही टायर नवेकोरे दिसले तर का बदलले ते विचारायचं.

शनिवार

सायली, ए-२०३: काका, मालकांशी बोलले. सज्जन माणूस. त्यांनी गाडी डीलरला दिली तेव्हा ७२ हजारच्या वर होती म्हणे, तेच चकित झाले. ओटीपी दिला. तिसऱ्या पानावर तीन नोंदी: २०२२ मध्ये ५१,६००, २०२३ मध्ये बॉडी शॉप (बोनेट, पुढचा बंपर, रेडिएटर, एसी कंडेन्सर), २०२४ ला ७१,२४०. सीव्हीटी ऑइल एकदाही नाही.

निखिल, बी-२०२: बापरे.

अमित, सी-१०१: त्या डीलरचं नाव टाक इथे, सगळ्यांना कळू दे.

सेक्रेटरी: नाव टाकू नये. नंतर ग्रुप अ‍ॅडमिनवर येतं.

देशमुख काका, बी-५०४: नाव नकोच. आणि एक सांगतो, अपघात झाला म्हणून गाडी वाईट होत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पार्ट बदलून दुरुस्त केलेली गाडी मी स्वतः घेईन. ७१ हजारही काही जास्त नाहीत. पण लपवलं, तिथे विषय संपला. माझ्या मते सगळी बिलं असलेली ऐंशी हजारांची गाडी ही बिलं नसलेल्या चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा बरी.

निखिल, बी-२०२: मी इन्शुरन्समध्ये आहे, माझी भर. चालू पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट बघा. २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते. जुन्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य दिसला तर मालकाला विचारा की गेल्या वर्षी क्लेम कसला घेतला. मात्र ५० आहे म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, कारण तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या गाडीवरून आणलेला असू शकतो. त्यामुळेच विकताना तो त्यांच्याकडेच राहतो, फरकाचा प्रीमियम आपण भरायचा. पॉलिसी नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं. आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर मात्र पॉलिसी नावावर झाल्याशिवाय धरून चालू नका.

कुलकर्णी, बी-३०१: आणि पुरातली गाडी? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या, मेहुण्याची त्यातच गेली. त्या गाड्या कुठेतरी विकल्या जातच असतील.

देशमुख काका, बी-५०४: रास्त प्रश्न. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डा बघा. सीटच्या खालच्या रेल आणि बोल्ट गंजलेत का बघा. सेंटचा घमघमाट असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. ऑटोमॅटिकचा कंट्रोलर आणि वायरिंग पाण्यात गेलेलं असेल तर बिघाड सहा महिन्यांनीही वर येतो.

जोशी काकू, ए-४०२: भाच्याची वॅगनआर आहे. एएमटी का काय ते. चढावर मागे येते म्हणतो.

देशमुख काका, बी-५०४: काकू, त्याला सांगा ब्रेक सोडायची घाई करू नकोस 🙂

सायली, ए-२०३: आता दुसरी एक मिळालीय. कर्वेनगरच्या एका काकांची अमेझ सीव्हीटी, पेट्रोल, २०१९. डीलर नाही, थेट मालक. ६८ हजार. सगळी बिलं फाइलला लावलेली, पेट्रोलच्या पावत्यासुद्धा! पाच सत्तर म्हणतात. रविवारी बघायला बोलावलंय.

देशमुख काका, बी-५०४: पेट्रोलच्या पावत्या लावणारा माणूस म्हणजे अर्धं काम झालं. बिलांत सीव्हीटी ऑइल शोध, "एचसीएफ-२" असं नाव दिसेल. साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं तेल) घातलेलं असेल तर नको. होंडाने २०२४ मध्ये फ्युएल पंपासाठी बऱ्याच जुन्या गाड्या परत बोलावल्या होत्या, कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकून बघ, या गाडीचं काही बाकी आहे का.

त्यांना सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेव, गार हवं. स्टार्ट कर, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) हळूहळू फिरव. आर किंवा डीमध्ये टाकल्यावर धक्का बसतो का, की एक-दोन सेकंद काहीच होत नाही? मग अर्धा तास चालव, चांदणी चौकाच्या चढापर्यंत जा, इंजिन तापू दे आणि हेच पुन्हा कर. गिअरबॉक्सचे बरेच आजार तापल्यावरच दिसतात. वीस ते चाळीसमध्ये अगदी हलक्या पायाने चालव, रेडिओ बंद. येताना आपल्या बेसमेंटच्या रॅम्पवर आण, मी खाली येतो. मध्यावर थांबवून निघू, पुढे एकदा आणि रिव्हर्सला एकदा. माझ्याकडे स्कॅनर आहे, एरर कोड बघतो. नुकतेच पुसलेले असतील तर तेही कळतं.

सायली, ए-२०३: रॅम्पवर रविवारी गाड्या लागलेल्या असतात काका.

सेक्रेटरी: सकाळी ९ ते ९.३० रॅम्प मोकळा ठेवावा. वॉचमनला सांगितले आहे.

निखिल, बी-२०२: कागदं पण बघ. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर फायनान्सरचं नाव दिसतंय का? दिसलं तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. महाट्रॅफिकच्या साइटवर थकलेली चलनं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही त्यांची समोरासमोर, आरसीवरच्या सहीशी जुळणारी. पैसे त्यांच्याच खात्यात, चेक किंवा ऑनलाइन.

रविवार

सायली, ए-२०३: झालं! चढावर, रॅम्पवर, रिव्हर्सला, सगळीकडे मऊ. स्कॅनरवर काही नाही. ऑइल दोनदा बदललेलं, दोन्ही बिलं आहेत. पुढचे टायर मात्र बदलावे लागणार, त्याचे पंधरा हजार कमी केले. आईने स्वतः पौड रोडपर्यंत चालवली आणि ब्रेकवर डावा पाय ठेवू नकोस म्हणून मलाच दोनदा ओरडली. टोकन दिलं, पावती घेतली.

देशमुख काका, बी-५०४: छान. फाइल सगळी मागून घे, पेट्रोलच्या पावत्यांसकट.

जोशी काकू, ए-४०२: अभिनंदन! रंग कुठला?

सायली, ए-२०३: पांढरी काकू.

सेक्रेटरी: पार्किंग स्टिकरसाठी नावावर झालेल्या आरसीची झेरॉक्स आणि जुन्या गाडीचा स्टिकर ऑफिसमध्ये जमा करावा. तोपर्यंत व्हिजिटर पार्किंग मिळणार नाही.