मदत हवी आहे : चार शाळांनी मिळून काम कसं करावं?
नमस्कार मंडळी. मी इंदूरला राजवाड्याजवळच्या एका लहान शाळेत तिसरीला शिकवते. आजूबाजूच्या तीन शाळांबरोबर आम्ही एकत्र काम सुरू करतोय. कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शाळासंकुलं, म्हणजे जवळजवळच्या शाळांचे एकत्र काम करणारे गट, सुचवली होती, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ती आहेत. प्रयोगशाळा, ग्रंथालय वाटून घेणं सोपं वाटतं. खरी अडचण वाचनात मागे पडलेल्या मुलांची. त्यांच्यासाठी शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहावेत असं मला मनापासून वाटतं, पण काहींना ती तपासणी वाटते. शिवाय तेवढ्या वेळात आपला वर्ग कोणी सांभाळायचा? महाराष्ट्रातल्या केंद्रशाळांमध्ये (आसपासच्या शाळांच्या गटातली मुख्य शाळा) शिक्षण परिषदा, म्हणजे त्या गटातल्या शिक्षकांच्या बैठका, होतात ना, तिथे हे कसं जमवता? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.