'लो-कार्बन स्टील'ला मराठीत काय म्हणावं?

राहते ठाण्यात, पीएचडी चालू आहे. विषय: भंगारापासून पोलाद करताना कार्बन डायऑक्साइड कमी कसा सोडायचा. आईला समजावं म्हणून गोषवारा मराठीत लिहायला घेतला आणि शीर्षकातच अडले.

आधी लिहिलं 'अल्पकर्ब पोलाद'. पण धातुशास्त्रात हा शब्द वेगळ्याच अर्थाने रुळलाय. ज्यात कर्ब (म्हणजे कार्बन) साधारण ०.२५ टक्क्यांहून कमी, ते अल्पकर्ब पोलाद, म्हणजे खिडकीच्या ग्रिलचं साधं 'एमएस' (माइल्ड स्टील). ते कोळशावर खनिज वितळवणाऱ्या झोतभट्टीतून (ब्लास्ट फर्नेस) आलं असेल, टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडून आलं असेल, तरी अल्पकर्बच! एका अर्थी कर्ब पोलादाच्या पोटात, दुसऱ्या अर्थी धुराड्यातून बाहेर. त्यात आपल्याकडे शेतकरी जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढावा म्हणून धडपडतो, त्यामुळे 'कर्ब कमी' हे चांगलं की वाईट तेही नुसत्या शब्दावरून कळत नाही.

दुसरी अडचण 'रिसायकलिंग'ची. पुनर्वापर म्हणावं का?

— पुनर्वापर नको, ताई. पाडलेल्या शेडचा गर्डर काढून दुसऱ्या शेडला लावला, तो पुनर्वापर. तोच वितळवून सळई काढली तर गोष्ट वेगळी. 'पुनर्चक्रण' पुस्तकात ठीक, बोलताना जीभ अडते. सोनाराकडे जुने दागिने 'आटवतात', तांब्यापितळेची 'मोड' देऊन नवी भांडी घेतात. तोच व्यवहार पोलादाचा आहे. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात असतो. तिथे मोड कोणी म्हणत नाही, स्क्रॅप किंवा भंगार. पण आईंसाठी लिहिताय तर 'भंगार आटवून केलेलं पोलाद' लिहा, लगेच कळेल.

— पहिल्या शब्दाबद्दल: 'हरित पोलाद' आता सरकारी झालाय. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने व्याख्या ठरवली, तयार पोलादाच्या टनामागे उत्सर्जन २.२ टनांहून कमी हवं, १.६ च्या खाली गेलं तर पाच तारे. तरी मला 'कमी उत्सर्जनाचं पोलाद' जास्त आवडतं. हरित म्हटलं की रंग दिसतो, काय कमी झालं ते दिसत नाही.

दोन्ही शब्द घेतले. शीर्षक असं होईल: 'भंगार आटवून कमी उत्सर्जनाचं पोलाद'. एक टन भंगार वापरलं की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. 'आटवणे' शब्दाने ही बचत आईला सोन्याइतकी खरी वाटेल.

आता शेवटचा शब्द, माझ्या कामाचा गाभाच तो. मोटारींच्या भंगारात वायरींचं तांबं येतं. भट्टीत लोखंडाआधी ते जळत नाही, वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीतही (स्लॅग) जात नाही, पोलादातच राहतं. पुढे तापवून लाटताना वरच्या लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनने पापुद्रा होतो, तांबं त्या पापुद्र्याखाली साचून वितळतं, पोलादाच्या बारीक स्फटिककणांमधल्या फटींत शिरतं आणि तडे जातात. दर फेरीला ते साठतच जातं. अशा तांबं-कथिलाला इंग्रजीत 'ट्रॅम्प' (भटके) म्हणतात. 'अशुद्धी' लिहवत नाही, कारण तांबं स्वतः काही अशुद्ध नाही.

— 'उपरे धातू' म्हणा. घरात आलेत, पण घरचे नाहीत.

— उपरा कधीतरी निघूनही जातो, हे तर जात नाहीत ना? 'चिकट धातू' कसं वाटतं?

चिकट म्हटलं तर ते बोटाला लागेल असं वाटतं. उपरेच ठेवते, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'एकदा शिरले की न निघणारे' एवढं जोडते.