कळ मुकी झाली तर आधी स्प्रिंग बघा

आयबीएम मॉडेल एफ, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेला जुना कीबोर्ड; त्याच्या नव्या प्रतिकृतीत कळ मुकी झाली, दाबल्यावर ‘टक्’ वाजेनाशी झाली, म्हणजे सर्किट गेलं, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. मला पटत नाही. बहुतेक वेळा स्प्रिंग तिरकी बसलेली असते. कीबोर्ड उभा धरा, स्पेसबार छताकडे, कळीची टोपी काढा आणि सरळ दाबून पुन्हा बसवा. स्प्रिंग मधोमध आली की तो खणखणीत ‘टक्’ लगेच परत येतो.

इथे कूलरचा विषय कुणीच काढला नाही. नागपुरात एप्रिल-मेमध्ये त्याचा ओला झोत थेट टेबलावर येतो. माझ्या कीबोर्डच्या कूलरकडच्या बाजूच्या स्क्रूंवर तांबूस ठिपके दिसू लागले, तेव्हा टेबलच हलवलं. गंज दिसला म्हणून तेलाचा स्प्रे मात्र आत मारू नका, फ्लिपरला, म्हणजे स्प्रिंगखालच्या हलणाऱ्या छोट्या तुकड्याला, धूळ चिकटून बसते.