रविवारचा कॉल शनिवारी घ्यायचा का?

ताई: सप्टेंबरपासून एक रविवार धड कॉल झालेला नाही. आई तीन वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसते. त्यात काल तुझ्या बायकोकडून कळलं, सोन्याचा ओठ फुटला होता. एवढ्याशा पोराला रग्बी कशाला?

मी: ताई, तुझं रागावणं बरोबर आहे. गेल्या रविवारी सीझन संपला, म्हणून आज नीट लिहितो. लांब आहे, पण वाच.

ओठ फुटला तो सरावात, आठ दिवसांत भरला. दातांना गमशील्ड असतं, त्याशिवाय मैदानात पाऊलच टाकू देत नाहीत. दोन वर्षं तो टॅग रग्बी खेळला. त्यात कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी असतात, त्यातली एक ओढली की झालं. यंदा अंडर-नाइन, म्हणजे पहिल्यांदाच खरी पकड. एका बाजूला सात पोरं. स्क्रम, म्हणजे दोन्ही बाजूंनी खांदे भिडवून रेटणं, नाही. बॉलही लहान, तीन नंबरचा. पकड छातीच्या हाडाच्या खालीच हवी. 2023 पासून इथे इंग्लंडमध्ये मोठ्यांच्या क्लब रग्बीलाही तोच नियम आहे.

आई: डोक्याला लागलं तर?

मी: आई, शंका जरी आली तरी पोराला बाहेर बसवतात. मेंदूला धक्का बसलाय असं ठरलं तर निदान 21 दिवस मॅच नाही. आमच्यातल्या एकाला नोव्हेंबरमध्ये असंच बसवलं. तो रडला, त्याचे बाबाही नाराज झाले, पण कोणी ऐकलं नाही. मला ते फार पटलं.

दादा: कोच पगारी आहे का?

मी: नाही रे. अख्ख्या क्लबच्या लहान गटांत कोणालाच पगार नाही. आमचा कोच आठवडाभर इलेक्ट्रिशियनचं काम करतो. थंडीत रविवारी सकाळी सातला एकटा मैदानावर जातो आणि बुटाची टाच जमिनीत रोवून बघतो. टाच रुतली नाही, म्हणजे जमीन गोठलेली, की ग्रुपवर मेसेज येतो, आज खेळ नाही. जानेवारीत असे सलग तीन रविवार गेले. टीम मॅनेजर एका पोराची आई, हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून तशीच मैदानावर यायची. समोरच्या क्लबशी मॅच ठरवणं, पोरांची नोंदणी, कोण येणार कोण नाही, सगळं तिच्याकडे. हातात वही. प्रत्येक पोराला निदान अर्धा वेळ खेळवायचंच असा नियम आहे, त्याचा हिशेब त्या वहीत. या वयात लीग नाही, गुणतक्ता नाही. त्यामुळे कच्चं पोर बाकावर कुजत नाही.

मी मैदानावर खुणेचे कोन मांडतो, पाण्याच्या बाटल्या भरतो, शेवटी होजपाइपने चौदा जोड बुटांचा चिखल काढतो. लहान मुलांबरोबर काम करायचं म्हणून माझ्यावर काही गुन्हा नाही ना, याचीही रीतसर तपासणी झाली.

अप्पा: पकड जमते का त्याला?

मी: अप्पा, तेच सांगायचं होतं. ऑक्टोबरभर तो अंगावर येणाऱ्या पोराला बघून डोळे मिटायचा. कोचने गुडघ्यांवर बसवून सुरुवात केली, समोरचाही गुडघ्यांवर. तरी भीती जाईना. मग त्या संध्याकाळी तुम्ही व्हिडिओवर कबड्डीतली मांडीपकड दाखवलीत, आठवतं? चटईवर बसून, दादाचा पाय धरून.

दादा: माझा गुडघा दोन दिवस दुखत होता 😄

अप्पा: डोकं बाहेरच्या अंगाला, गाल मांडीला चिकटलेला, हात मागून बंद. कबड्डीत डोकं मध्ये घातलं की नाक गेलंच.

मी: कोच अगदी हेच सांगतो, गाल चिकटव आणि डोकं बाजूला ठेव. सोन्याने आजोबांचं ऐकलं. डिसेंबरच्या मॅचमध्ये त्याच्याहून हातभर उंच पोराच्या मांडीला गाल लावला तो सोडलाच नाही, दोघंही चिखलात. उठून आधी त्याने त्या पोराला हात दिला. मी बाटल्या तिथेच टाकून पळत गेलो.

वहिनी: डोळ्यांत पाणी आलं वाचून.

दादा: पण हा खेळ आपल्याकडे खेळतं कोण?

मी: बॉम्बे जिमखान्यावर किती वर्षांपासून खेळतात! भारताच्या महिला संघाची कॅप्टन राहिलेली वाहबीझ भरूचा पुण्याची. आणि इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात ना, तो आपल्याच रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले 270 चांदीचे रुपये काढून, वितळवून तो कप केला. 1879 पासून त्यासाठी मॅच होते. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. क्लबात टीव्हीवर मॅच लागली होती तेव्हा मी पोरांना हे सांगितलं. सोन्या सगळ्यांना हत्ती दाखवत फिरत होता.

ताई: आणि तो शिव्या देणाऱ्या बापाचा किस्सा काय होता?

मी: मार्चमध्ये, बाहेरच्या मैदानावर. रेफरी शाळकरी मुलगा, नवशिका. एका पालकाने त्याच्यावर इतकं तोंड टाकलं की त्याचे हात थरथरायला लागले. त्यांच्याच कोचने खेळ थांबवला आणि त्या गृहस्थाला कार पार्किंगपर्यंत सोडून आला. खेळ संपल्यावर दोन्ही संघांनी समोरासमोर रांगा केल्या आणि त्या मुलाला मधून टाळ्यांत नेलं. अशी माणसं नसतील तर मी सोन्याला तिथे पाठवणार नाही.

आता खरं कारण. ती नर्सताई पुढच्या वर्षी सोडतेय, ड्यूटी बदलली तिची. दोनदा विचारूनही कोणी हात वर केला नाही. मॅच ठरवणारं कोणी नसेल तर आमच्या गटाचा सीझनच होणार नाही. मी हो म्हटलंय. वही माझ्याकडे आली.

ताई: म्हणजे आणखी एक वर्ष रविवार नाही.

मी: नाही. म्हणून विचारतोय, कॉल शनिवारी चारला चालेल का? तुमचे चार. मी चुकवणार नाही.

आई: शनिवारी माझा उपास असतो, स्वयंपाकाची घाई नसते. चालेल. ओठावर तूप लाव म्हणावं.

अप्पा: शनिवार ठीक. पण सप्टेंबरात पहिल्या मॅचला रविवारीही फोन लाव. आडवा धर, मागच्या वेळी नुसतं आभाळ दिसत होतं.