वॉशिंग्टनचं संचलन: हौस एकाची, बिल लष्कराचं?

पोटोमॅककर
१४ जून २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन लष्कराच्या २५० व्या वर्धापनदिनाचं संचलन झालं. साडेसहा हजारांवर सैनिक, दीडशेच्या आसपास वाहनं, त्यात २८ एब्रम्स रणगाडे. आधी अंदाज अडीच ते साडेचार कोटी डॉलर्सचा होता, नंतर लष्कराने साधारण तीन कोटी सांगितले. नेमके त्याच दिवशी ट्रम्प ७९ वर्षांचे झाले.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याने मागवलं त्याने जबाबदारी घ्यावी. लष्कराच्या खांद्यावर बंदूक नको. २०१८ आठवा. आदल्या वर्षी पॅरिसमधलं १४ जुलैचं, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचं संचलन पाहून आल्यावर ट्रम्पसाहेबांना इथेही तसंच हवं झालं. अंदाज ९ कोटी २० लाख डॉलर्सवर गेल्याची बातमी फुटली आणि बेत रद्द झाला. खापर कोणावर? वॉशिंग्टनच्या स्थानिक पुढाऱ्यांवर! महापौर म्युरिएल बाउझर यांनी मग जाहीरच सांगितलं, शहराचा हिशेब २ कोटी १६ लाखांचा. बाकीचे सात कोटी काय महापौरबाईंनी मागितले होते?

सुभेदारांचा नातू
असहमत. १४ जून १७७५ ही लष्कराच्या स्थापनेची तारीख. ती ट्रम्पनी ठरवलेली नाही. नॅशनल मॉल या वॉशिंग्टनमधल्या मोठ्या मैदानावरच्या सोहळ्याची परवानगी लष्कराने २०२४ मध्येच मागितली होती, तेव्हा बायडन होते. आपल्याकडे दरवर्षी २६ जानेवारीला कर्तव्यपथावर संचलन होतं, तेव्हा पंतप्रधानांना बिल विचारतो का आपण?

कॅलिफोर्नियाची सून
नातूसाहेब, २०२४ चा अर्ज वाचा. तीनेकशे माणसांचा मेळावा होता तो. रणगाडे त्यात नव्हते, ते २०२५ मध्ये आले. आणि २६ जानेवारी कुठल्याही पक्षाचं सरकार असो, होतोच. इथे वॉशिंग्टनमध्ये असं मोठं संचलन याआधी झालं ते जून १९९१ मध्ये, आखाती युद्ध जिंकल्यावर. २०२५ मध्ये कुठलं युद्ध जिंकलं होतं? उलट त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम नको म्हणत असताना आमच्या लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव दल आणि मरीन सैनिक उतरवले होते. त्या चित्राशेजारी रणगाडे ठेवून पाहा. त्या दिवशी देशभर ‘नो किंग्ज’ (राजे नकोत) म्हणणारे ट्रम्पविरोधी मोर्चे निघाले ते पैशासाठी नव्हेत.

हिशेबनीस
दोघेही एकाच माणसाकडे बघताय. तिजोरीच्या किल्ल्या संसदेकडे असतात. तेव्हा दोन्ही सभागृहांत ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षाचं बहुमत होतं, पण संचलनासाठी वेगळं मतदान झालं नाही. त्यांच्यातून उघड नापसंती दाखवणारे सिनेटर रँड पॉल यांच्यासारखे मोजकेच. हौसेला मोल नसतं हे ठीक, पण ज्यांचं कामच मोल विचारणं आहे ते गप्प बसले. ते दोषी नाहीत?

सुभेदारांचा नातू
सगळा भार करदात्यांवर नव्हता. विमानं बनवणारी लॉकहीड मार्टिन, सॉफ्टवेअरची पॅलंटिर, क्रिप्टोची कॉइनबेस अशा कंपन्या प्रायोजक होत्या. रस्ते फुटतील म्हणून ओरड झाली, तिथे पोलादी प्लेटा अंथरल्या होत्या. आणि ट्रम्प लपले कुठे? टीव्हीवर त्यांनीच सांगितलं, या सोहळ्याच्या मोलापुढे खर्च म्हणजे शेंगदाणे. एवढं उघड बोलणारा माणूस जबाबदारी टाळतो कसा?

पोटोमॅककर
प्रायोजकांचं नाव काढलंत हे बरं झालं. सरकारला विमानं विकणारी कंपनी सरकारी सोहळ्याला पैसे देते, हे तुम्हाला करदात्याचं नशीब वाटतं? मला तर त्याचाच जास्त घोर लागतो.

हिशेबनीस, संसदेचा दोष मान्य, पण तो गप्प बसण्याचा. मागणी कोणी केली, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

राहिले शेंगदाणे. खर्च किरकोळ आहे म्हणणं वेगळं आणि ‘हे मी मागवलं, चुकलं तर मला विचारा’ म्हणणं वेगळं. २०१८ मध्ये आकडा अंगाशी आला तेव्हा पहिलं वाक्य कोणीही म्हणू शकत नव्हतं, दुसरं म्हणायची वेळ होती. तेव्हा पुढे केली महापौरबाई.

सुभेदारांचा नातू
२०१८ चा राग २०२५ वर काढताय. या वेळी बेत रद्द झाला नाही, खापरही फोडलं नाही. २०२५ चं बोला.