छेदणाऱ्या धावपट्ट्या, तासाला ४४ विमानं: मुंबईने हा आकडा खाली आणावा का?

घाटकोपरकर
आमची इमारत घाटकोपर पश्चिमेला. सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. एकाचा आवाज विरतो न विरतो तोच दुसऱ्याचे दिवे दिसतात. पावसाळ्यात ढग खाली आले की नुसता आवाजच. म्हणून हा विषय काढतोय.

९ जून २००५ ला बॉस्टनच्या लोगन विमानतळावर काय झालं ते बघा. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवरून दोन विमानं काही सेकंदांच्या फरकाने सुटली. एकीवर एअर लिंगसचं एअरबस ३३०, दुसरीवर यूएस एअरवेजचं बोइंग ७३७. दोन धावपट्ट्या दोन वेगळे कंट्रोलर, म्हणजे टॉवरमधून विमानांना परवानगी देणारे, सांभाळत होते आणि त्यांचा आपसातला ताळमेळ चुकला. बोइंगच्या को-पायलटला आडवं येणारं एअरबस दिसलं, पण तोवर थांबायची वेळ निघून गेली होती. त्याने दांडा पुढे रेटून विमानाचं नाक खाली दाबून धरलं. एअरबस वरून निघून गेलं आणि मगच बोइंग उठलं. दोन्हीत मिळून ३८१ माणसं होती. जमिनीवरच्या टकरीची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा चालू होती, तरी गप्प राहिली, कारण छेदणाऱ्या धावपट्ट्यांवरचा धोका ओळखायची सोयच तिच्यात नव्हती.

आपल्या मुंबई विमानतळाच्या ०९/२७ (मुख्य, तिचंच एक टोक सत्तावीस नंबरचं) आणि १४/३२ (आडवी) या धावपट्ट्याही एकमेकींना छेदतात. म्हणजे नावाला दोन, बिनधोक वापरायला एकच. तेवढ्यावर डिसेंबर २०१८ मध्ये २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली आणि आपण तो विक्रम म्हणून मिरवला. दर ८६ सेकंदांना एक विमान, तेही मध्यरात्रीची सामसूम धरून! फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या वेळी उतरणाऱ्या-सुटणाऱ्या विमानांचा आकडा तासाला ४६ वरून ४४ केला. माझं म्हणणं, तो आणखी खाली आणा, आणि दोन्ही धावपट्ट्या एकाच वेळी वापरायचा विचार कायमचा सोडा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय.

पार्ले_पूर्व
बॉस्टनचं उदाहरण इथे लागू करणं मला पटत नाही. मुंबईतली अलीकडची सगळ्यात गाजलेली घटना आठवा. ८ जून २०२४ ला इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान उतरलं, तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान त्याच धावपट्टीवरून अजून उठत होतं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. ९ फेब्रुवारी २००९ ला इथेच तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या ताफ्यातलं हेलिकॉप्टर धावपट्टीवर उतरलं आणि दिल्लीला निघालेल्या विमानाला भर वेगात ब्रेक मारावा लागला. या दोन्हींत दुसऱ्या धावपट्टीचा काय संबंध? छेदणारी रेघ नसती तरी हे घडलंच असतं.

उलट ती आडवी धावपट्टी आहे म्हणून मुंबई तरली. १ जुलै २०१९ च्या रात्री धो धो पावसात स्पाइसजेटचं विमान मुख्य धावपट्टी सोडून पुढे चिखलात रुतलं. ते निघेपर्यंत काही दिवस सगळा भार १४/३२ ने उचलला. नकाशावर बोट ठेवून दोष काढणं सोपं आहे.

वसईहून
आकडा कमी करा म्हणणाऱ्यांनी कोणाची विमानं जातील तेही सांगावं. मला वाटतं, आधी लहान गावांची जातील. दिल्ली-बंगळुरूला कोणी हात लावणार नाही. माझे आईवडील नांदेडला असतात. रात्री फोन आला तर सकाळी पोचता आलं पाहिजे, एवढीच माझी गरज. आणि नवी मुंबई तुम्हाला घाटकोपरहून जवळ वाटत असेल. वसईहून घोडबंदर, ठाणे, मग पुढे उलव्याच्या त्या विमानतळापर्यंत, रस्ता मोकळा मिळाला तरी जीव मेटाकुटीला येतो. सुरक्षितता हवीच, पण तिची किंमत नेहमी लांब राहणाऱ्यानेच का मोजायची?

एप्रनवर_२८_वर्षं
विमानतळावरच नोकरी केली, टॉवरमध्ये नाही, खाली, विमानं उभी करतात त्या एप्रनवर. दोन विमानं एकदम सुटण्यापेक्षा जास्त भीती गो-अराउंडची असते. उतरणाऱ्या वैमानिकाला काही खटकलं की तो पुन्हा वर उचलतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. त्याच क्षणी छेदणाऱ्या धावपट्टीवरून दुसरं उठलेलं असेल, तर दोन्ही हवेत, दोन्ही कमी उंचीवर, वळायला जागा नाही. सेकंदाला सत्तर-ऐंशी मीटर वेग. टॉवरवरून सांगून, वैमानिकाने ऐकून, विमान वळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. एकच धावपट्टी असली तर निदान दोघांचं तोंड एका दिशेला असतं, एकाला डावीकडे वळवता येतं.

घाटकोपरकर
एप्रनवाले काका, तुम्ही जे सांगितलंत ते मला नीट मांडता आलं नव्हतं.

पार्लेकर, २०१९ चं तुमचं म्हणणं मान्य. १४/३२ बंद करा असं मी म्हणत नाही. मुख्य धावपट्टी बंद असेल तेव्हा ती चालवा, दोन्ही एकदम नकोत. पण जून २०२४ ची घटना माझीच बाजू भक्कम करते. तासाला ४४ म्हणजे एका विमानाच्या वाट्याला ८२ सेकंद. उतरलेलं विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला थोडं रेंगाळलं, निघणाऱ्याने वेग घ्यायला थोडा उशीर केला, की संपली ती सेकंदं. त्यानंतर डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, कंट्रोलरला ड्यूटीवरून हटवलं. माणूस बदलला, सेकंदं तेवढीच राहिली. याचा मला खरंच राग येतो.

वसईकर, तुमच्या नांदेडच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. लहान गावांचे स्लॉट, म्हणजे उतरायच्या-सुटायच्या ठरलेल्या वेळा, राखीव ठेवून मोठ्या मार्गांवरचे कमी करावेत, एवढंच सुचतं. दिल्लीला दिवसभर विमानं आहेत, त्यातली चार उलव्याहून सुटली तर बिघडणार नाही.

पार्ले_पूर्व
स्लॉट राखीव ठेवायला माझा पाठिंबा. सेकंदांबद्दल मात्र अजून पटलेलं नाही. ८२ ची ९० केलीत आणि टॉवरमधला माणूस सलग रात्रपाळ्या करून आलेला असेल, तर ती वाढीव आठ सेकंदं त्याच्या डुलकीत जातील. आधी कंट्रोलरांची संख्या वाढवा, त्यांच्या पाळ्या लहान करा. तेवढं झाल्यावरही ४४ जास्त वाटले, तर ४० साठी मीही तुमच्याबरोबर सही करेन.

वसईहून
नांदेडचं विमान राहणार असेल तर माझीही सही धरा.